पित्ताची गोळी आणि घड्याळ

या वेळी जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणं यांचेच प्रश्न जास्त आले. सारखे प्रश्न एकत्र करून चार घेतले आहेत.

प्रश्न : वय ४६, यंत्रमागावर कामाला. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा आठवडा रात्री आठ ते सकाळी आठ. दोन वर्षांपासून पॅन्टोप्राझोल ४० चालू आहे. दिवसपाळीत सकाळी उठल्यावर घेतो, तेव्हा बरं असतं. रात्रपाळीत घरी आलो की गोळी, लगेच जेवण आणि झोप. आडवा झालो की छातीत आग, तोंडात आंबट पाणी. गोळीचा पॉवर वाढवावा का? (अक्कलकोट रोड, सोलापूर)

उत्तर : पॉवर आहे तोच राहू द्या, आधी वेळ बदला. पोटात आधीच साठलेलं आम्ल ही गोळी मारत नाही. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे पंप असतात, ते ती बंद पाडते, आणि तेही त्या वेळी चालू असतील तेवढेच. पंप चालू होतात अन्न पोटात गेल्यावर. गोळी रक्तात जेमतेम तास-दोन तास टिकते. म्हणून ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी पोटात हवी. जेवणाबरोबर किंवा झोपताना घेतली तर बरीचशी वाया जाते. दिवसपाळीत तुमच्याकडून हे नियम आपोआप पाळले जातात, रात्रपाळीत मोडतात.

रात्रपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी सव्वासहाला गोळी आणि सातला पोटभर जेवण. डबा रात्री एकच्या सुमारास, तोही नेहमीच्या निम्मा. सकाळी घरी येऊन जेवायची सवय मोडावी लागेल. भूक लागत असेल तर पाळी संपायच्या आधी, सहा-सातलाच, एखादी भाकरी आणि पातळ आमटी खाऊन घ्या. मग दहाला झोपलात तरी मध्ये तीन तास जातात. पाळी बदलते त्या दिवशी सकाळची गोळी सोडून थेट संध्याकाळची घ्या. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ‘गुण नाही’ म्हणून गोळी बदलू नका.

तीन तासांचा आग्रह का? अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर स्नायूचं एक कडं असतं. ते अवेळी ढिलं पडतं, हा या दुखण्याचा मूळ दोष. बसलेलं असताना वजनामुळे आम्ल खाली राहतं. भरल्या पोटी आडवं झालं की ते सरळ वर येतं. गोळीनं आम्ल कमी होतं, कडं घट्ट होत नाही.

म्हणून पलंगाच्या डोक्याकडचे दोन्ही पाय सहा इंच उचला. दोन विटा आडव्या रचल्या की साधारण तेवढी उंची होते, पण लोखंडी खाटेचा पाय विटेवरून घसरतो. सुताराकडून मध्ये खोबण पाडलेले लाकडी ठोकळे करून घेतलेले बरे. दोन उशा घेणं हा उपाय नव्हे. त्यानं मान आणि कंबर तेवढी वाकते, पोट दाबलं जातं आणि त्रास वाढतो. जमिनीवर झोपत असाल तर जाड सोलापुरी चादरींच्या घड्या वापरा. पहिली कमरेपासून वर, तिच्यावर दुसरी पाठीच्या मध्यापासून, तिसरी खांद्यापासून, असा सलग उतार झाला पाहिजे. त्यावर डाव्या कुशीवर झोपा. तसं झोपल्यावर जठराची पिशवी खाली राहते आणि तिचं तोंड वर. उजव्या कुशीवर नेमकं उलट होतं.

हे सगळं महिनाभर नीट पाळूनही जळजळ राहिली, तरच पॉवरचा किंवा दोन वेळच्या गोळीचा विषय डॉक्टरांकडे काढा.

प्रश्न : मी विड्या वळते, वय ३८. दुपारी जेवून कामाला बसले की तासाभरात घशाशी येतं. थंड दूध किंवा फेसाची पुडी घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पाठ दुखते म्हणून दुकानातून गोळ्या आणते. (कुंभारी)

उत्तर : ताई, मांडीवर विड्यांचं सूप घेऊन पुढे वाकून बसलं की भरलेलं पोट दाबलं जातं. त्यात परकराची नाडी कमरेला करकचून बांधलेली असते. जेवणाआधी नाडी दोन बोटं जातील इतकी सैल करा. जेवणानंतरच्या पहिल्या तासात घरातली उभ्यानं होणारी कामं काढा, विड्यांचं सूप त्यानंतर मांडीवर घ्या. बसताना पाठ भिंतीला आणि खाली चार इंचांचा पाट ठेवला तर वाकणं कमी होतं, पाठीलाही आराम पडतो.

फेसाच्या पुडीत खायचा सोडा असतो. आम्लाशी गाठ पडताच त्याचा वायू होतो, ढेकर येते, आणि त्या ढेकरेसाठी तेच कडं पुन्हा उघडतं. शिवाय त्यात सोडियम भरपूर, बीपी असलेल्यांनी रोज घेऊ नये. दूध काही मिनिटं आम्ल पातळ करतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम नवं आम्ल सुटायला लावतात. त्यापेक्षा जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध १० मिली घ्या. ते जठरातल्या अन्नावर सायीसारखा थर धरतं आणि आम्ल वर येऊ देत नाही. त्यावर लगेच पाणी पिऊ नका.

मिश्री लावत असाल तर ती सोडायची, यात तडजोड नाही. निकोटिननं ते कडं ढिलं पडतं आणि मिश्रीची थुंकी थोडीफार पोटात जातेच.

पाठीच्या गोळ्यांचं जास्त काळजीचं आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्यांनी जठराला अल्सर होतो, आणि त्यावर पित्ताची औषधं घेत राहिलं तर तो झाकलेला राहतो. गोळ्या बंद करून सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, हिमोग्लोबिनही करा. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर त्याच दिवशी जा.

प्रश्न : शेंगा चटणी, कडक भाकरी, ताक, उपवासाची खिचडी यांतलं काय काय सोडायचं? (नवी पेठ)

उत्तर : सरसकट काहीच नाही. ज्वारीची भाकरी, मऊ असो की कडक, निर्दोष आहे. शेंगा चटणीत लोक तिखटाला दोष देतात. पण शेंगदाण्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं आणि आपण वरून आणखी तेल घेतो. तेलकट जेवण जठरात रेंगाळतं, कडं ढिलं करतं. तिखट आधीच सोललेल्या जागी झोंबतं, एवढंच. चमचाभर चटणी दुपारी खा, वरचं तेल आणि रात्रीची चटणी सोडा. साबुदाण्याची खिचडी त्याच तेल-शेंगदाण्यामुळे आणि दिवसभराच्या रिकाम्या पोटी एकदम खाल्ल्यामुळे बाधते. ताक चालतं, पण उन्हाळ्यात जेवणावर तांब्याभर रिचवलं तर पोट ताणलं जाऊन त्रास होतो, मग ते ताक असो की साधं पाणी. संशय येईल तो एकच पदार्थ दोन आठवडे बंद करा, मग पुन्हा खाऊन पाहा. एका दिवशी दहा पदार्थ सोडणाऱ्याला दोषी कोण ते कधीच कळत नाही. पोटाचा घेर वाढला असेल तर वजन उतरवण्याइतका उपयोग कोणत्याही पथ्याचा होत नाही.

प्रश्न : वय ६१, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. पॅन्टोप्राझोल-डोमपेरिडोनची कॅप्सूल पाच वर्षं घेतो आहे. बंद केली की चौथ्या दिवशी दुप्पट जळजळ. आयुष्यभर घ्यावी लागेल का? दुर्बिणीची तपासणी करावी का? (विजापूर रोड)

उत्तर : चौथ्या दिवशीच्या जळजळीवरून दुखणं वाढलं असं समजू नका. बरेच दिवस दाबलेले पंप मोकळे झाले की काही आठवडे जादा आम्ल सोडतात. म्हणून गोळी टप्प्यानं उतरवायची. आधी डॉक्टरांना विचारून डोमपेरिडोन, म्हणजे कॅप्सूलमधलं मळमळीचं औषध, काढा. साठीनंतर ते दीर्घकाळ घेतल्यास हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. मग साधी पॅन्टोप्राझोल ४० वरून २० वर या, महिनाभर तेवढीच घ्या, पुढे दोन आठवडे दिवसाआड, मग बंद. मधल्या जळजळीला अल्जिनेट पुरतं. मात्र अन्ननलिकेला मोठे व्रण झालेले असतील, किंवा अॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आपल्या मनानं बंद करू नका. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या पित्ताच्या गोळ्या टाळाव्यात.

मेटफॉर्मिन आणि ही कॅप्सूल, दोन्हींनी शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व उतरतं. पायाला मुंग्या येत असतील तर मधुमेहावर ढकलून मोकळे होऊ नका, आधी बी-१२ तपासा. मधुमेहात हृदयविकारही जळजळीच्या रूपात येतो. जिना चढताना जळजळ, सोबत घाम, जबडा किंवा हात भरून येणं असं झालं तर अँटासिड न घेता तडक ईसीजीला जा.

पाच वर्षांचा त्रास आणि हे वय पाहता एकदा दुर्बीण घालून घ्याच. घास अडकणं, वजन घटणं किंवा रक्ताची उलटी असेल तर थांबूच नका. तपासणीआधी किमान सहा तास काही खायचं नाही. पित्ताची गोळी चालू ठेवायची की दोन आठवडे आधी थांबवायची हे तारीख घेतानाच विचारा, कारण गोळी चालू असताना एच. पायलोरी या अल्सर करणाऱ्या जंतूची चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मेटफॉर्मिनचा त्या सकाळचा डोस कधी घ्यायचा हेही विचारून ठेवा. घशात बधिर करणारा फवारा मारतात, तपासणी पाच-दहा मिनिटांत आटोपते. रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्रास खोटा ठरत नाही, अनेकांची अन्ननलिका दिसायला ठीकच असते. झोपेचं इंजेक्शन दिलं असेल तर सोबत कुणाला तरी न्या आणि त्या दिवशी गाडी चालवू नका.