कळवळा आला, पुढे काय?

चिरंजीवास,
सप्रेम सलाम.

नव्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक म्हणून चार्ज घेतलास, आनंद झाला. उपासना, शास्त्रपाठ, प्रभुभोजनाची तयारी हे तू शिकून आला आहेस, त्यात मी पडत नाही. लिहायचंय ते देवळाबाहेरच्या कामाबद्दल. आजाऱ्याची खाट, मयताचं घर, कर्जात अडकलेल्या बाईचं दार, इथे तुझं मन भरून येईल. पण ते दोन-चार दिवसांत ओसरतं आणि त्या घरची अडचण सहा महिने तशीच असते. त्या सहा महिन्यांसाठी हे पत्र.

वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगताना आपण जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, इथवर येतो आणि प्रवचन संपवतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या १०व्या अध्यायातलं ३५वं वचन सावकाश वाच. दुसऱ्या दिवशी तो माणूस निघून गेला. त्याचाही प्रवास होता. जाताना उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन म्हणाला. हाताने करायचं ते त्याने स्वतः केलं, पुढचं सोपवलं, रक्कम ठरवली आणि परत यायचा शब्द दिला. आपलं गाडं अडतं ते या शेवटच्या ठिकाणी. ‘येतो हं परत’ म्हणून पायरी उतरलेला पाळक नाताळातच दिसला, अशी घरं प्रत्येक मंडळीत निघतात.

म्हणून एक वही कर, खिशात मावेल एवढी. तारीख, घर, त्यांनी काय मागितलं, मी काय शब्द दिला, पुन्हा कधी जायचं, एवढे पाच रकाने पुरेत. रोगाचं नाव किंवा घरातलं भांडण त्यात लिहू नकोस. वही बसमध्येही विसरते. शब्द देताना वार आणि वेळ सांग. ‘गुरुवारी पाचला येतो’ म्हटलंस की आजारी माणूस बुधवारपासून गुरुवारची वाट बघतो, तेव्हा जमणार नसेल तर बुधवारीच फोन करायचा.

घरात शिरल्याबरोबर उपाय सांगू नकोस. बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी प्रभू येशूने त्याला विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात खानापूरच्या जंगलपट्ट्यातला एखादा शेतकरी पडलेला असतो. तुला वाटतं त्याला ऑपरेशनची भीती असेल. विचारलंस तर कळतं की घरी म्हैस गाभण आहे, दिवस भरलेत आणि म्हातारी एकटी आहे. मग प्रार्थना म्हशीसाठीही करायची, आणि त्या गावातल्या एखाद्या सभासदाला फोन लावून म्हातारीकडे पाठवायचं. हा फोन बाहेर येऊन नंतर करू नकोस, त्याच्या समोर कर. त्याचा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडतो.

दवाखान्यातली भेट दहा-पंधरा मिनिटांची. डॉक्टरांच्या राउंडची वेळ टाळ. आत जाताना आणि बाहेर पडल्यावर हात धू. खाटेवर बसायचं नाही. स्टूल घे आणि रोग्याला मान वळवावी लागणार नाही अशा बाजूला बस. उभं राहून बोललास की तू निघायच्या घाईत आहेस असं त्याला वाटतं. डोक्यावर हात ठेवण्याआधी विचार. पाच-सहा वचनं वाच, प्रार्थना दोन मिनिटांत आटप. जनरल वॉर्डात आवाज त्या खाटेपुरता ठेव. शेजारचाही आजारीच आहे आणि त्याने तुला बोलावलेलं नाही. (त्याने हात जोडले तर मात्र त्याच्यासाठीही थांब.) ‘काय झालंय?’ हा प्रश्न पाहुण्यांसमोर नको. खायचं काही नेऊ नकोस, साखर असते, ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेलं असतं. त्यापेक्षा व्हरांड्यात चटई टाकून बसलेल्या बायकोला विचार, ‘जेवलासा काय?’ मेलेली याईराची मुलगी प्रभूच्या शब्दाने उठून बसली तेव्हा प्रभूने तिला खायला द्या असं सांगितलं. घरच्यांना त्या गडबडीत ते सुचलं नसतं. सोबतीच्या माणसाचं जेवण, अंघोळ आणि एक रात्र पुरी झोप, मंडळीतल्या दोन-तीन घरांनी आळीपाळीने बघितलं की अर्धं दुखणं हलकं होतं.

बरं करण्याची प्रार्थना जरूर कर. याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं तेलही लाव, कपाळाला बोटभर, जखमेवर किंवा टाक्यांवर नाही. पण ‘विश्वास असेल तर गोळ्या कशाला’ हे वाक्य तुझ्या तोंडून निघता कामा नये, आणि दुसरा कोणी बोलला तर तिथल्या तिथे खोडून काढायचं. टीबीचं औषध निदान सहा महिने चालतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणूस बरा वाटून औषध सोडतो, आणि मग उलटलेल्या रोगावर साधी औषधं चालत नाहीत. फिटच्या गोळ्या आणि इन्सुलिन अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. टीबीच्या रोग्याला सरकारकडून आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये मिळतात, थेट बँक खात्यात. खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून ते अडकतात. एक सकाळ काढून त्याच्याबरोबर बँकेत जा.

आपल्या भागात आणखी एक गुंता आहे. निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो, कागवाड-अथणीचा मिरजेला, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन दवाखाना सुरू केला, तेव्हापासून ती वाट पडलेली. पण रेशनकार्ड कर्नाटकाचं. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, कर्नाटकाने हरकत घेतली. त्या वादात तू पडू नकोस. ॲडमिट होण्याआधी त्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो त्याला फोन करून विचार: कुठलं कार्ड चालेल, कुठले कागद लागतील, हे ऑपरेशन योजनेत बसतं का. ॲडमिट झाल्यावर विचारलं तर बऱ्याचदा डिपॉझिट भरून झालेलं असतं, आणि ते कुठून तरी व्याजाने काढलेलं असतं.

मयताच्या घरी मात्र तोंड आवर. मुलंबाळं, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचं काही चुकलं नाही. बोलायला लागले तिथून बिघडलं. ‘देवाची इच्छा’, ‘देवाला फुलं आवडतात’, ‘दुसरं मूल होईल’, ही वाक्यं सांत्वनाची वाटतात, पण ऐकणारी आई ती वर्षानुवर्षं विसरत नाही. रोमकरांस पत्रातलं आठव्या अध्यायाचं २८वं वचनही (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळं मिळून कल्याणकारक होतं) पहिल्या आठवड्यात नको; ते खरं आहे, पण त्या दिवसाचं नाही. मेलेल्या लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू रडला. तुलाही रडू आलं तर येऊ दे, फक्त घरच्यांनी तुलाच सावरायची वेळ आणू नकोस.

पहिल्या दिवशी कामं फार असतात आणि घरातलं डोकं चालत नसतं. पेटी कोण आणणार, कबर कोण खणणार, लांबच्या मुलीला किती वाजेपर्यंत पोचता येईल, हे घरातल्या एकाच माणसाशी बोलून ठरव. पाच जणांना विचारलंस की पाच वेगवेगळ्या वेळा ठरतात. खानापूरकडे पावसाळ्यात कबरेत पाणी भरतं, म्हणून ताडपत्री, घमेली आणि जादा माणसं आधीच सांगून ठेव. घरात अर्धे नातेवाईक हिंदू असतील आणि कुणी हळदीकुंकू आणलं तर अंगणात शास्त्रार्थ नको. घरातल्या वडीलधाऱ्याला बाजूला घेऊन हळू विचार आणि ते म्हणतील तसं होऊ दे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते; पेन्शन, विमा, जमीन सगळं त्या दाखल्यावर अडतं, तेव्हा दहाव्या-बाराव्या दिवशी आठवण कर. लोक पांगतात ते साधारण तिसऱ्या आठवड्यात. तुझी खरी गरज तेव्हापासून. वहीत तिसरा आठवडा, चाळिसावा दिवस, पहिला नाताळ आणि वर्षाची तारीख आजच मांडून ठेव.

भाषेचं सांगतो. आपल्याकडे एकाच घरात सासू मराठी, सून बैलहोंगलची कन्नड, शेजारी कोकणी. ज्याच्यासाठी प्रार्थना त्याच्या भाषेत कर. मोडकी चालते. ‘परलोकदल्लिरुव नम्म तंदेये’ (हे आमच्या स्वर्गातल्या पित्या) एवढं पाठ करून सुरुवात केलीस तरी म्हातारी पुढचं स्वतः म्हणते. मदतीच्या यादीत हे जास्त सांभाळ. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मंडळीतलं पहिलं मोठं गाऱ्हाणं याचंच होतं: ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं. प्रेषितांनी खुलासे देत न बसता सात माणसं नेमली, आणि सातांचीही नावं ग्रीक आहेत. तुझ्या मदत समितीत सगळे एकाच भाषेचे, एकाच गल्लीचे असतील तर ती आधी बदल.

पैशात चांगली चांगली माणसं घसरतात, आणि बहुतेक वेळा दयेपोटीच. खिशातून गुपचूप देऊ नकोस. तू दिलेले पाचशे चार दिवसांत गल्लीभर होतात आणि मग ज्याला दिले नाहीत त्याच्या दारात तुला जाता येत नाही. मदत निधीतून, दोघांच्या सह्यांनी, पावतीवर. शक्यतो रोख हातात नको. मेडिकल दुकानाचं बिल दुकानात, फी शाळेत. आणि आकडा आधी सांग: ‘मंडळी तीन महिने औषध देईल, नंतर पुन्हा बसून बोलू.’ मुदत न सांगितलेली मदत अचानक थांबली की ती घेणाऱ्याला अपमान वाटते.

निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायका भेटतील, ज्यांच्यावर तीन-चार फायनान्सची कर्जं आहेत आणि एकाचा हप्ता दुसऱ्यातून जातो. एक हप्ता तू भरलास तर पुढच्या आठवड्याला दुसरा उभा. तिच्याबरोबर बसून सगळी पासबुकं पसर: कोणाचं, किती घेतलं, किती फेडलं, वार कुठला. पुष्कळदा तिने स्वतः तो आकडा एकत्र पाहिलेला नसतो. वसुलीवाले दारात येऊन धमकावत असतील तर त्यासाठी कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश निघाला, पुढे त्याचा कायदा झाला. तक्रार द्यायला तिच्याबरोबर मंडळीतल्या दोन जाणत्या बायका पाठव. बाई घरात एकटी असेल तेव्हा तू कट्ट्यावरच बस, हेही यातच आलं.

मदतीला विश्वासाची अट घालू नकोस. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-घटप्रभेचं पाणी घरात शिरलं तेव्हा चिखलात सगळे सारखेच होते. अशा वेळी यादी वाड्यावस्तीप्रमाणे कर, सभासदांच्या वहीवरून नको. जुन्या कपड्यांचे ढीग गोळा करू नकोस. भांडी, अंथरूण, मुलांच्या वह्या आणि वाहून गेलेल्या कागदांसाठी अर्ज लिहून देणारा एक जण लागतो. हात पुढे केलेल्या माणसाचा फोटो काढायचा नाही. २०२२ मध्ये आपल्या राज्यात धर्मांतराचा कायदा झाला, पुढे तो मागे घ्यायचं मंत्रिमंडळाने ठरवलं, यावर लोक तुला विचारतील. कायदा असो नसो, तांदळाच्या पिशवीत पत्रक घालणं मला पटत नाही.

आता गुप्ततेचं. ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून आपल्याकडे जेवढ्या चहाड्या होतात तेवढ्या पारावरही होत नसतील. रविवारी ‘अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, सासरहून आलीय’ म्हटलंस की संध्याकाळपर्यंत कॅम्पपासून शहापूरपर्यंत कळतं. नाव घ्यायच्या आधी त्या माणसाला विचार आणि कोणत्या शब्दांत सांगू तेही विचार. एचआयव्हीबद्दल तर २०१७ च्या कायद्यानेही संमतीशिवाय बोलता येत नाही. पण ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचनही आंधळेपणाने देऊ नकोस. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने तुझ्यावर बंधनकारक आहे, मग करणारा मंडळीतला पुढारी वडील का असेना. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. घरातल्या घरात माफी मागवून मिटवलेलं प्रकरण पुन्हा त्याच मुलावर उलटतं.

कुणी ‘आता जगून काय करू’ म्हणालं तर विषय बदलू नकोस. सरळ विचार: जीव द्यायचा विचार येतो का? कसं करायचं ठरवलंय? विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध असतंच, ते त्याच दिवशी शेजाऱ्याच्या कुलपात जाऊ दे. रात्री सोबत कोण झोपणार ते ठरल्याशिवाय उठू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि फुकट आहे. तुझ्या समोर लावून दे, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे तूच घेऊन जा.

एवढं सगळं एकट्याने होत नाही. आठवड्याचा एक दिवस फोन दुसऱ्याकडे दे. शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती तेव्हा प्रभूनेच त्यांना एकांती विसाव्याला नेलं. आजारी घरी जायला चार जोड्या तयार कर, त्यात एक तरी बाई आणि एक कन्नड बोलणारा. ते पहिल्यांदा जातील तेव्हा तू बरोबर जा आणि गप्प बस.

तुझीही बदली होईल. चार्ज सोडताना नव्या पाळकासाठी एक कागद कर: पहिल्या पंधरा दिवसांत भेटायची घरं, कुणाचं औषध मंडळीकडून चालू आहे आणि ते कुठल्या महिन्यापर्यंत, वर्षश्राद्धाच्या नव्हे, आठवणीच्या उपासनेच्या तारखा. तुला विश्वासाने सांगितलेलं त्यात काही नको. त्या घरांना आधी सांग की उद्यापासून हे येतील, आणि जमलं तर शेवटची फेरी दोघं मिळून मारा. वही नंतर जाळून टाक.

तुझा,
प्रभूच्या सेवेतला एक म्हातारा