चित्र काढवतच नाही, काय करू?

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून आलीये, म्हणून तिघांना एकत्रच घेतेय. पहिलं पत्र बरंच मोठं होतं, थोडं कापलंय.

प्रश्न : नमस्कार ताई, मी २८ वर्षांची, पाच वर्षं फ्रीलान्स इलस्ट्रेशन करते. शाळेत वह्यांच्या मागच्या पानांवर चित्रं काढून ओरडा खाणारी मुलगी मी, आणि आता टॅब्लेट उघडला की पोटात गोळा येतो. क्लायंटचं काम कसंबसं होतं, पण स्वतःसाठी म्हणून आठ महिन्यांत मनापासून एक रेघ मारलेली नाहीये. दोन आठवडे पूर्ण सुट्टी घेऊन बघितली, परत आले तर तेच. मग महिनाभर रोज एक चित्र असं चॅलेंज घेतलं, अकराव्या दिवशी चुकलं आणि मी रडले, एका चुकलेल्या चित्रासाठी! माझी आवड संपली का? की मुळात नव्हतीच?
– टॅब्लेटला घाबरणारी

उत्तर : अगं, आवड नसती तर अकराव्या दिवशी रडली नसतीस, सुटलो एकदाचे म्हणून झोपली असतीस.

आधी हे बघू की तुला नक्की झालंय काय, कारण बर्नआऊट हा शब्द हल्ली आपण कशालाही लावतो. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली, आजार म्हणून नाही तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून, आणि त्यात तीन गोष्टी धरल्या. मला त्या वाचताना वाटलं की आपल्याकडे यांना आधीपासून नावं आहेतच की. पहिली म्हणजे शीण, अंगातलं बळ गेल्यासारखं. दुसरी वीट, म्हणजे काम समोर आलं की तोंड फिरवावंसं वाटणं. आणि तिसरी, आपल्याच्याने आता काही धड होत नाही हे वाटणं. आपण तिन्हींवर एकच औषध घेतो, सुट्टी. सुट्टीने शीण जातो. वीट जात नाही, उलट परत यायचा दिवस जवळ आला की वाढतो, तुझं तेच झालं. आणि तिसऱ्यावर तू घेतलंस चॅलेंज, म्हणजे आधीच वाटतंय जमत नाही आणि त्यात रोज संध्याकाळी परीक्षा! मला ही चॅलेंजं आवडत नाहीत, स्पष्टच सांगते. ज्याचं बरं चाललंय त्याला ती मजेची, थकलेल्या माणसाला नवीन डेडलाइन, तीही बिनपैशाची.

आता मला तुझ्या पत्रातलं एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, जे तू जाता जाता लिहिलंयस, वह्यांची मागची पानं. तिथे काय होतं आठव. ते पान कुणाला द्यायचं नव्हतं, ते पूर्ण करायचं नव्हतं, तास संपला की अर्धा घोडा तसाच राहायचा आणि त्याचं कुणाला काही नव्हतं. आज तू जे काढतेस ते प्रत्येक पूर्ण होतं, एक्सपोर्ट होतं, पाठवलं जातं किंवा पोस्ट होतं, आणि मग त्यावर कुणीतरी बोलतं किंवा बोलत नाही (न बोलणं जास्त लागतं). म्हणजे मला तरी वाटतं, तुला चित्राचा वीट नाही आलेला, चित्र दर वेळी कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं त्याचा आलाय. मी हे ठामपणे म्हणते कारण मीही तिथून गेलेय, एका मुखपृष्ठाचं चौदावं व्हर्जन पाठवलं आणि उत्तर आलं, पहिलंच बरं होतं. त्यानंतर कित्येक महिने पेन्सिल फक्त याद्या करायला हातात घेतली.

मी त्यातून बाहेर कशी आले ते सांगते, फार भारी काही नाही. घरात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, एका बाजूला जुनी प्रिंट असलेले. त्यातला एक घेतला, बॉलपेन घेतलं, आणि स्वतःचा डावा हात काढायला बसले पण कागदाकडे न बघता. ही जुनी रियाजाची पद्धत आहे, चित्रकलेच्या वर्गात सुरुवातीला करून घेतात. नजर हाताच्या कडेवर ठेवायची, मुंगी चालावी तशी सावकाश सरकवायची, आणि नजर जशी सरकेल तसंच पेन, उचलायचं नाही, खाली बघायचं नाही. पाचेक मिनिटांनी बघितलं तर अंगठा तळव्याला सोडून भलतीकडेच, दोन नखं बोटाच्या बाहेर, मनगट पानाच्या खाली उतरून गेलेलं. मला खूप दिवसांनी स्वतःच्या चित्राकडे बघून हसू आलं. आणि एक गोष्ट लक्षात आली, करंगळीच्या सांध्यावरच्या तीन सुरकुत्या बरोब्बर उतरल्या होत्या, कारण त्या मी खरंच बघितल्या होत्या. चांगलं-वाईट ठरवायची सोयच नव्हती ना, कागद दिसतच नव्हता.

म्हणून तू टॅब्लेट बाजूला ठेव, स्वतःच्या चित्रांपुरता तरी. त्यात अनडू आहे, म्हणजे मारलेली रेघ लगेच पुसायची सोय, हा मोठा घोटाळा आहे, प्रत्येक रेघेला आपण परीक्षक होऊन बसतो, एक रेघ सात वेळा मारतो आणि सातही वेळा स्वतःला नापास करतो. बॉलपेनला अनडू नाही, चुकली रेघ की तिच्या शेजारून दुसरी. कागद मुद्दाम स्वस्त घे, जाड महागडा वॉटरकलर पेपर समोर असला की हात आधीच घाबरतो. दहा मिनिटं लाव घड्याळात, वाजलं की अर्ध्या रेघेत उठ, हे महत्त्वाचंय, पूर्ण करायचंच नाही. फोटो काढायचा नाही. कुणी विचारलं हल्ली स्वतःचं काय चाललंय तर म्हण काही नाही. एक दिवस राहिला तर राहिला, मोजायचंच नाही.

चित्रकार फिलिप गस्टन माहीत असेल तुला. अमूर्त चित्रांसाठी नावाजलेला माणूस, १९६०च्या दशकात त्याला आपल्याच कामाचा वीट आला, पेंटिंग थांबवून बरेच महिने तो फक्त ड्रॉइंग करत राहिला, काहींत तर पानावर जेमतेम एक-दोन रेघा. मग तिथून तो बूट, पुस्तकं, दिव्याचे बल्ब, असल्या समोरच्या वस्तू काढायला लागला. १९७० मध्ये ती नवी चित्रं न्यूयॉर्कमध्ये लावली तर समीक्षकांनी धुतला त्याला. आज त्याचं नाव निघालं की बहुतेकांना तीच चित्रं आठवतात, पण मला त्याहून ते एक-दोन रेघांचे महिने आवडतात, बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल संपला हा.

क्लायंटच्या कामाचं तू विचारलं नाहीस पण लिहिते. किती वेळा बदल करून देणार ते आधीच लिहून ठरव, त्यापुढे वेगळे पैसे. निम्मा वीट तिथून येतो.

आणि एक. चित्रच नाही तर गाणं, गप्पा, माणसं, कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मग पाठकोरे कागद पुरणार नाहीत, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोल. त्यात लाजायचं काही नाही.

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची. दिवसभर चित्रं काढायची. आम्ही कौतुकाने स्पर्धांना पाठवायला लागलो, बक्षिसंही आली. आता सहा महिने रंगांना हात लावत नाही, विचारलं तर म्हणते, स्पर्धा आहे का? नसेल तर कशाला. आमचं काय चुकलं?
– एक बाबा

उत्तर : बाबा, तुमच्या मुलीने जे एका वाक्यात सांगितलं ते मानसशास्त्रात १९७३ मध्ये प्रयोग करून दाखवलंय. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलं की सोनेरी चांदणीचं सर्टिफिकेट मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात मोकळ्या वेळेत स्केचपेनं ठेवली आणि बघत बसले. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं.

म्हणजे बक्षीस वाईट नाही, "हे केलंस तर ते देईन" हा सौदा वाईट. तेव्हा काही महिने स्पर्धा बंद, आणि बंद केल्याचं भाषणही नको. तिला काढ म्हणू नका. तुम्हीच जमिनीवर बसा, रंग पसरा आणि काढा, येत नसेल तर उत्तमच. ती येईल बघायला, "बाबा, कुत्र्याला पाच पाय?" म्हणेल. तिने कधी काढलंच तर लगेच वा छान म्हणू नका, ही बाई कुठे निघालीये, हिच्या हातात काय आहे असं विचारा, मुलांना गोष्ट सांगायची असते, मार्क नको असतात. भिंतीवरची सर्टिफिकेटं गुपचूप फाइलमध्ये गेली तरी चालतील.

प्रश्न : वय ६४. निवृत्तीनंतर जलरंग शिकलो, सहा वर्षं निसर्गचित्रं करतोय. हल्ली प्रत्येक चित्र मागच्यासारखंच उतरतं, तेच आकाश, तीच झाडं. मित्र वाहवा करतात, मलाच बघवत नाही. वय झालं म्हणायचं का?
– जुना विद्यार्थी

उत्तर : काका, वय नाही, हात बसलाय तुमचा. सहा वर्षांत झाड कसं काढायचं ते हाताला पाठ झालं, आता डोळ्यांना कामच उरलं नाही. वयाचं म्हणाल तर रवींद्रनाथ टागोर हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून आकार काढता काढता साठी उलटल्यावर चित्रकार झाले, १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन लागलं तेव्हा ते ६९च्या घरात होते. आणि फ्रेंच चित्रकार मातीसचं १९४१ मध्ये मोठं ऑपरेशन झालं, इझलसमोर (चित्र टेकवायच्या घोडीसमोर) फार वेळ उभं राहवेना, तर पुढे त्याने रंगवलेले कागद घेऊन कात्रीनेच चित्रं केली.

तुम्ही कात्री नका घेऊ हवं तर, पण हत्यार बदला. महिनाभर बारीक ब्रश सगळे ड्रॉवरमध्ये, फक्त एक इंची चपटा ब्रश आणि एकच गडद रंग. त्या ब्रशने पान काढताच येत नाही, फांदीही धड येत नाही, त्यामुळे झाडाकडे पुन्हा बघावंच लागतं, उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच. पहिली चार-पाच चित्रं चिखल होतील. ती मित्रांना अजिबात दाखवू नका, ते त्यालाही वाहवा म्हणतील.