ब्लूजचा विद्यापीठात अभ्यास करून काय साधते?

आपण विचारले आहे की, ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतील कष्टकरी कृष्णवर्णीयांचे, पोटातून आलेले गाणे असताना त्यावर विद्यापीठात प्रबंध कशाला लिहायचे, ते नुसते ऐकले तर पुरेसे नाही का? मी प्राध्यापक नाही, जुना श्रोता आहे, आणि बरीच वर्षे माझेही मत आपल्यासारखेच होते. ते बदलले एका गाण्याच्या तारखेमुळे.

ब्लूज गायिका बेसी स्मिथचे ‘बॅकवॉटर ब्लूज’ आपण ऐकले असेल. पाच दिवस पाऊस कोसळतो, बाईला होडीतून बाहेर काढतात, आणि उंच टेकडीवर उभी राहून ती खाली आपले घर पाहते. साथीला जेम्स पी. जॉन्सनचा पियानो आहे, आणि त्याचा डावा हात खर्जात असा घुमत राहतो की पाणी चढत असल्याचा भास होतो. हे गाणे १९२७च्या मिसिसिपीच्या महापुराचे, असे अनेक ठिकाणी छापले गेले आणि मीही ते मित्रांना ठासून सांगत असे. परंतु ध्वनिमुद्रण झाले १७ फेब्रुवारी १९२७ रोजी, आणि मिसिसिपी नदीकाठच्या ग्रीनव्हिल शहराच्या वरच्या अंगाला माउंड्स लँडिंगचा बांध फुटला तो २१ एप्रिलला! मेंफिस विद्यापीठातील डेव्हिड इव्हान्स यांनी बेसीच्या दौऱ्यांचा माग काढून दाखवले की, गाण्याचे मूळ १९२६च्या नाताळाच्या सुमारास नॅशव्हिलमध्ये कंबरलंड नदीला आलेल्या पुरात आहे.

एवढ्याने काय बिघडले, असे आपण म्हणाल. गाणे तेच राहिले, पण त्यामागची माणसे मला वेगळी दिसू लागली. बेसी ही दुःख ओठांवर आले म्हणून गाणारी कोणी अनाम बाई नव्हती. डोळ्यांसमोरच्या घटनेचे काही आठवड्यांत गाणे करणारी ती कसलेली व्यावसायिक कलावंत होती. एप्रिलनंतर ज्या श्रोत्यांनी हे गाणे आपल्याच पुराचे मानले, त्यांनीही त्याला नवा अर्थ दिला. त्या वेळी ग्रीनव्हिलच्या बांधावर काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकाने राबवले जात होते आणि त्यांना तेथून हलू दिले जात नव्हते. हे माहीत असेल तर ब्लूज गायक चार्ली पॅटनने १९२९मध्ये त्याच पुरावर गायलेल्या गाण्यातली, डोंगराळ भागाकडची वाट आपल्याला बंद केली आहे ही तक्रार नुसत्या पाण्याविषयीची नाही, हे लक्षात येते. मला तरी ते केवळ कानांनी कळले नव्हते.

विद्यापीठे धुतल्या तांदळासारखी आहेत, असे मात्र मुळीच नाही. १९४१–४२ मध्ये फिस्क विद्यापीठ आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी मिसिसिपीच्या कोहोमा काउंटीत मिळून तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताची पाहणी केली. तिचे श्रेय पुढे प्रामुख्याने लोकगीतांचे गोरे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्याकडे गेले. फिस्कचे कृष्णवर्णीय संगीतज्ञ जॉन वर्क यांचे हस्तलिखित मात्र गहाळ झाले. वर्क १९६७मध्ये वारले आणि त्यांचे लेखन छापून आले ते २००५ साली. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवताना गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव टिपून ठेवले. कोणाचे नाव टिकते आणि कोणाचे गळते, हा प्रश्न तिथे किती जिव्हाळ्याचा आहे हे त्यावरून आपल्याला सहज समजेल.

त्या पाहणीतली मला सर्वांत आवडणारी नोंद पुढे नावाजलेला ब्लूज गायक मडी वॉटर्स याच्याविषयीची आहे. तेव्हा तो स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवत असे. त्याला कोणती गाणी येतात असे विचारले, तेव्हा त्या यादीत ब्लूजच्या बरोबरीने जीन ऑट्रीची काउबॉय गाणीही निघाली, कारण नाचाला जमलेल्या लोकांना तीही हवी असत. त्याच काउंटीतल्या क्लार्क्सडेल शहरात, नाणे टाकून गाणी वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्स यंत्रांमध्ये कोणत्या तबकड्या होत्या, तेही त्याच पाहणीत लुइस जोन्स या समाजशास्त्रज्ञाने उतरवून घेतले. त्यात जॅझ वाद्यवृंदाचा प्रमुख काउंट बेसी आणि गायक लुइस जॉर्डन यांची शहरी, झोकदार गाणी होती. ‘अस्सल’ आणि ‘रांगडा’ हे शब्द मी पूर्वी ब्लूजबद्दल फार सैलपणे वापरत असे. ती यादी वाचल्यापासून ते लिहिताना हात थोडा अडखळतो.