पिवळं चिन्ह दिसलं म्हणून मदरबोर्ड बदलायचा?

प्रश्न : भाच्यानं कॉम्प्युटर फॉरमॅट मारून विंडोज १० नव्यानं टाकलं. तेव्हापासून आवाज येऊन नाही राहिला आणि नेटही चालून नाही राहिलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली कॉम्प्युटरच्या भागांची यादी) तीन-चार पिवळी उद्गारचिन्हं दिसतात. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड गेला, साडेपाच हजार लागतील. बदलू का?
— एक निवृत्त शिक्षिका, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, साडेपाच हजार कपाटातच राहू द्या. पार मेलेला भाग त्या यादीत सहसा येतच नाही. पिवळं चिन्ह आलं म्हणजे विंडोजला तो दिसतोय, फक्त त्याला चालवायचं कसं हे कळत नाही. चिन्हावर डबल क्लिक करा. 'कोड २८' लिहिलेलं असेल तर ड्रायव्हर, म्हणजे तो भाग कसा चालवायचा हे विंडोजला सांगणारं सॉफ्टवेअर, बसवलेलाच नाही, एवढाच अर्थ. फॉरमॅटनंतर हे नेहमीचंच. कोड १० किंवा ४३ निघाला तर मात्र मला पुन्हा लिहा, ते दुखणं वेगळं.

आता त्याच खिडकीत 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यात 'व्हीईएन'नंतरची चार अक्षरं हे कंपनीचं आडनाव समजा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. (१९७८ सालच्या आपल्याच प्रोसेसरचा नंबर इंटेलनं आडनाव म्हणून लावलाय. हौस बघा!) घरगुती मशीनमध्ये आवाज आणि नेट, दोन्हीकडे बहुतेक वेळा १०ईसीच सापडतं.

नेटचा ड्रायव्हर उतरवायलाच नेट लागतं, ही खरी गोची. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या तारेनं कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, म्हणजे मोबाइलचं नेट तारेतून कॉम्प्युटरला मिळेल. तार मोबाइलसोबत आलेलीच घ्या. बर्डीच्या फुटपाथवरून मी एक स्वस्तातली आणली होती, तिच्यातून नुसतं चार्जिंग व्हायचं. टेदरिंगचं बटन फिकटच राहायचं आणि मी अख्खा रविवार मोबाइलला शिव्या घालत बसलो होतो.

नेट आलं की विंडोज अपडेट चालवा, निम्मी चिन्हं तिथेच जातील. उरलेल्यांसाठी मदरबोर्डचं मॉडेल हवं. स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फॉर्मेशन' शोधा, तिथे 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर ते असतं. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचा) ड्रायव्हर घ्या, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, मग नेटचा आणि आवाजाचा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका. ड्रायव्हर राहतात बाजूला, जाहिरातीच घरात येतात.

भाच्याला एक विचारा : विंडोज ११ आलेलं असताना १० का टाकलं? १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. मशीन जुनं असेल आणि त्यावर ११ बसत नसेल, तर त्याचाही इलाज नाही म्हणा.

एवढं करूनही आवाज नाहीच आला तर स्पीकरची पिन कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या भोकात लावून बघा. पुढच्या भोकाची तार आतून कितीदा लावलेलीच नसते.