गेम उडवण्याआधी तो का खेळतो ते बघा

ताई, सिडकोतल्या तुमच्या ११ वर्षांच्या मुलाबद्दल वाचलं. ऑटिझम, शाळेतून आल्यावर तीन-साडेतीन तास माइनक्राफ्ट (ठोकळ्यांनी आपलं जग बांधायचा गेम), मोबाइल काढून घेतला की डोकं आपटणं, आणि समुपदेशकांचा सल्ला: "व्यसन आहे, अनइन्स्टॉल करा." हे सगळं आमच्या घरातून जाऊन आलंय, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, आणि ऑटिझमची दोन मुलं सारखी नसतात, हे धरूनच वाचा.

अनइन्स्टॉल करू नका. फोनवरच्या माइनक्राफ्टमध्ये मुलाने बांधलेलं जग फोनमध्येच साठवलेलं असतं. गेमबरोबर तेही पुसलं जातं. पुन्हा लॉग-इन केलं की सगळं परत येईल असं वाटतं, पण त्यातून विकत घेतलेल्या वस्तू परत मिळतात, जग मिळत नाही. आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. आम्ही मुलाला नेलं त्या केंद्राच्या फॉर्मवर "रोज किती तास?" एवढा एकच प्रश्न होता. कुठला गेम, दिवसाच्या कुठल्या वेळी, त्यात तो नेमकं काय करतो, हे कुणी विचारलंच नाही. जिथली प्रत्येक वीट कुठे आहे हे मुलाला पाठ होतं, ती जागा आम्ही आमच्या हाताने पुसली. त्यानंतर मोबाइल कुणी नुसता हातात घेतला तरी तो घाबरायचा, आणि तो विश्वास परत यायला गेम परत यायच्या कितीतरी पट वेळ लागला.

म्हणून आज रात्रीच एवढं करा: जगांच्या यादीत नावाशेजारच्या पेन्सिलवर टिचकी मारा, खाली जाऊन "एक्सपोर्ट वर्ल्ड" निवडा आणि फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवा. फोन फुटला, बदलला तरी नव्या फोनवर ती फाइल उघडली की जग परत येतं.

आता मूळ प्रश्न. आठवडाभर वहीत लिहा: खेळायच्या आधीच्या तासात काय झालं, गेममध्ये काय केलं, उठल्यावर चेहरा कसा होता. तासांची बेरीज नको. शाळेचा गोंगाट आणि व्हॅनमधला कॉलेज रोडचा ट्रॅफिक सोसून आलेलं मूल एकच भिंत पुन्हा पुन्हा बांधत असेल, तर ते दिवसभराचा ताण उतरवतंय. त्याला पहिली ४० मिनिटं द्या, "आज शाळेत काय झालं?" तेव्हा विचारू नका. गेममध्ये नियम बदलत नाहीत, चुकलं तर पुन्हा करता येतं, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. काही मुलांना तेच हवं असतं. काहींना मित्र हवे असतात, पण ते खेळाच्या आडूनच जमतं. अशा मुलाचा गेम काढलात तर मित्रच काढलेत. आणि कधी दुसरं काही करायला सुचत नाही एवढंच कारण असतं. तिथे मात्र पर्याय आपण समोर ठेवायचा. कारण वेगळं तर उपायही वेगळा, म्हणून सरसकट "दिवसाला २ तास" हा नियम मला पटत नाही.

थांबवायचं कसं? "पाच मिनिटांत बंद कर" हे चालत नाही, कारण ती पाच मिनिटं त्याला दिसत नाहीत. माइनक्राफ्टमधला एक दिवस आपल्या २० मिनिटांचा असतो. "दोनदा सूर्य मावळला की गेममधल्या पलंगावर झोपायचं आणि बाहेर यायचं" असं आधी ठरवा, चित्र काढून भिंतीला लावा. सामन्यांच्या गेममध्ये मिनिटं न मोजता सामने मोजा. अर्ध्या सामन्यातून उठवलं तर सगळा संघ त्याच्यावर चिडतो, आणि ते त्याला आपल्या ओरडण्यापेक्षा जास्त लागतं. उठल्यावर लगेच अभ्यास नको. आधी खाणं, झोका, पाणी, असं शरीराचं काहीतरी.

माइनक्राफ्टमधल्या राक्षसांनी दचकत असेल तर सेटिंगमध्ये डिफिकल्टी "पीसफुल" करा, म्हणजे ते येत नाहीत. मित्रांबरोबर खेळत नसेल तर मल्टिप्लेअर (इतरांबरोबर ऑनलाइन खेळणं) बंद ठेवा. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावाच.

"व्यसन" शब्दाबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, पण तिथे नुसते तास मोजत नाहीत. ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान होऊनही चालू राहणं, आणि हे साधारण १२ महिने, असं बघतात. झोप-जेवण सुटत असेल, स्वतःला इजा करण्याचं प्रमाण वाढत असेल, तर १२ महिने थांबू नका, विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खेळताना मध्येच काही सेकंद शून्यात गेल्यासारखं होत असेल तर व्हिडिओ काढून न्या. ते अपस्माराचं (फिट येण्याचं) लक्षण असू शकतं, आणि ऑटिझममध्ये अपस्मार तुलनेने जास्त आढळतो.

गणपतीत ढोल सुरू झाले की त्याचं खेळणं वाढेल. तेव्हा मोबाइलच्या मागे लागू नका, आवाज अडवणारे कानावरचे हेडफोन आधीच आणून महिनाभर सवय लावून ठेवा.