मठारकामाच्या फोटोला एचडीआर हवं का?

प्रश्न : पुण्याच्या तांबट आळीत आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं काम आहे. सासरे अजून रोज मठारायला, म्हणजे हातोडीने भांड्यावर ठोके उठवायला बसतात. भांडी ऑनलाइन विकायला काढली आहेत, फोटो मीच काढते. भाचा म्हणाला, एचडीआर कर. म्हणून ट्रायपॉडवर तीन-तीन फोटो घेऊन जोडले. घंगाळ मळकट, करडं दिसतं आणि सासऱ्यांचा चेहरा काजळी फासल्यासारखा. सोबत फोटो पाठवले आहेत. काय करू? – एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : जोडणी तुम्ही नीट केली आहे, भांड्याला कुठेही दुहेरी कडा आलेली नाही. पण या दोन्ही फोटोंना एचडीआरची गरजच नव्हती.

आत अंधार आणि दाराबाहेर ऊन, एवढा फरक कॅमेऱ्याला एका फोटोत पेलत नाही. तेव्हा कमी, मध्यम आणि जास्त प्रकाशाचे फोटो घेऊन जोडायचे, यालाच एचडीआर म्हणतात. ही अडचण जुनी आहे. १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढत, तेव्हा काही फोटोंत आकाशासाठी एक निगेटिव्ह आणि पाण्यासाठी दुसरी वापरून एकच छाप काढत. आकाशाचा उजेड कमी करणं त्यांच्या हातात नव्हतं. तुमचं घंगाळ मात्र उचलून हव्या त्या उजेडात ठेवता येतं.

आता ते घंगाळ जवळून बघा. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याची उथळ खळी आहे. तिच्या एका बाजूला चकाकीचा ठिपका आणि दुसऱ्या बाजूला गडद कड. या दोहोंमुळेच ठोका डोळ्यांना कळतो. तीन फोटो जोडून ते स्क्रीनवर मावतील असे करताना सॉफ्टवेअर हाच फरक दाबतं. ठिपका करडा पडतो, कड उजळते आणि तांब्याला रंग दिलेल्या प्लास्टिकची कळा येते. सासऱ्यांच्या हाताचं काम ज्यात दिसतं, तेच फोटोतून जातं. म्हणून बारीक ठिपके पांढरेशुभ्र राहिले तर राहू द्यात, ते पांढरेच हवेत.

घंगाळ दाराच्या किंवा खिडकीच्या उजेडात ठेवा. उजेड एका बाजूने यावा, कॅमेऱ्याच्या मागून नको. थेट ऊन येत असेल तर मध्ये ट्रेसिंग पेपर ताणून लावा. उजेडाच्या विरुद्ध बाजूला पांढरा थर्मोकोल उभा करा. भांड्याची कड पार्श्वभूमीत विरघळायला लागली तर कडेला, फ्रेमच्या जरा बाहेर, काळा कार्डपेपर धरा. चकचकीत तांब्यात त्याचं प्रतिबिंब पडतं आणि घाट रेखल्यासारखा उठून दिसतो. छिद्र एफ/८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) एकच फोटो. एवढं पुरतं.

रंगाचीही गोष्ट आहे. जोडलेल्या फोटोत सॉफ्टवेअर रंग भडक करतं, मग तांब्याचा लालसर गुलाबी रंग नारिंगीकडे झुकतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, हे तर फोटोतल्यासारखं नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवण्याची सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. भांड्याच्या जागी ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) धरून एकदा ठरवा आणि त्या दिवसाच्या सगळ्या भांड्यांना तोच ठेवा.

आता सासरे. माणूस हलतो, आणि मठारणाऱ्याचा हात तर थांबतच नाही. तीन फोटोंत हातोडी तीन ठिकाणी असणार, जोडल्यावर तिची भुतं दिसणार. शिवाय एचडीआरमध्ये बारीक तपशील उठावदार होतात. भिंतीच्या पोपड्यांना ते शोभतं, पण चेहऱ्यावर सुरकुत्या, घाम, दाढीचे खुंट सगळं काळं होऊन वर येतं. त्यांना दाराकडे तोंड करून, थोडं तिरकं बसवा. आतल्या बाजूला जमिनीवर पांढरी चादर पसरा, सावलीतला गाल तेवढ्यानेच उजळतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्याचं धरा. हातोडी गोठवायची असेल तर शटर १/२५० सेकंद, तिचा वेग दाखवायचा असेल तर १/६०. आयएसओ १६००पर्यंत गेला तरी बिचकू नका.

एचडीआर जिथे खरंच उपयोगी पडेल अशी एक जागा तुमच्याकडे आहे : सगळा कारखाना. काळवंडलेल्या भिंती, भट्टी, रचलेले बंब आणि मागे उन्हाने भरलेलं दार. तिथे माणसं नसताना ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो घ्या. छिद्र तेच ठेवा, फक्त शटर बदला. एलईडी दिवे लागलेले असतील तर सावध राहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/४००ला काढलेल्या फोटोत पट्टे येऊ शकतात आणि तो बाकी दोघांशी जुळत नाही. १/१००, १/२५ आणि १/६ ही साखळी घ्या. मग ट्रायपॉड न हलवता सासऱ्यांना जागेवर बसवून चेहऱ्याच्या एक्स्पोजरचा एकच फोटो काढा आणि फोटो-सॉफ्टवेअरमधल्या लेयर मास्कने (वरच्या फोटोचा हवा तेवढाच भाग दाखवण्याच्या सोयीने) तेवढा भाग वर बसवा. जागा तीन फोटोंची, माणूस एकाच फोटोतला. तुमच्या पानावर सगळ्यात वर हाच फोटो लावावा असं मला वाटतं.

प्रश्न : मी साड्या नेसलेल्या मुलींचे फोटो मोबाइलवर काढते. चेहरे सपाट येतात. फोनमधलं एचडीआर बंद करू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पुष्कळ नव्या फोनमध्ये ते बंद करायची सोयच नाही. फोन क्षणात अनेक फोटो घेऊन स्वतःच जोडतो आणि सावल्या उचलतो. ज्या सावलीने नाकाला नि गालाला आकार येतो, तीही उचलली जाते. स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावा आणि उजेडाची पट्टी जराशी खाली ओढा. मुलीला खिडकीकडे पाठ करून उभी करू नका. खिडकी तिच्या डाव्या किंवा उजव्या हाताला असू द्या आणि मागे साधी भिंत. फ्रेममध्ये उघडी खिडकी नसली की फोनला सावल्या फारशा उचलाव्या लागत नाहीत. प्रो मोडमध्ये रॉ असेल तर जरीच्या साड्या त्यातच काढा.