‘हा आवरत नाही, परत देऊ का?’

सांगलीत विश्रामबागेतल्या एका घराची ही अडचण. प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेला, लॅब्राडॉरच्या वळणाचा कुत्रा. वय 14 महिने, वजन 32 किलो. तीन आठवड्यांत त्याने काकूंना रस्त्यावर पाडलं, सोफ्याचा कोपरा फस्त केला आणि बेल वाजली की पाहुण्याच्या छातीवर पाय. काका म्हणाले, “दोन फटके बसल्याशिवाय सुधारणार नाही.” काकूंनी हळूच विचारलं, “परत दिला तर पाप लागेल का हो?”

पाप-बिप काही नाही. पण तीन आठवड्यांत निकाल लावू नये. असा कुत्रा आधी बिचकून असतो. घर आपलं वाटू लागलं की खरा दंगा सुरू होतो. त्यात हे वयात येण्याचे दिवस, मोठ्या कुत्र्यांत ते दोन वर्षांपर्यंत चालतात. फटक्यांनी तो गुरगुरायचा थांबेल, आणि मग इशारा न देता चावूही शकेल.

दिनक्रम विचारल्यावर गाठ सापडली. सकाळी तासभर चेंडू, दिवसभर साखळी, संध्याकाळी मुलगा त्याच्याशी कुस्ती खेळायचा (सांगलीच ही!). अंगावर झेपावल्याबद्दल एकाकडून शाबासकी, त्याच गोष्टीला दुसऱ्याकडून शिव्या. नुसत्या चेंडूने दमसास वाढतो, शांत बसणं येत नाही.

कुस्ती बंद केली, चेंडू दहा फेकींवर आणला. ऊन चढायच्या आत 40 मिनिटं फिरणं, तेही हुंगत हुंगत. वासाने डोकं दमतं. गळपट्ट्याऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस. ओढलं की जागीच थांबायचं, दोरी सैल झाली की पुढे. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जायलाच 20 मिनिटं लागली.

उडी मारली की पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर आले की लगेच खाऊ. इथे बहुतेक घरं हरतात. पहिले काही दिवस उड्या वाढतात, कारण जुनी युक्ती चालेना म्हणून तो जोर लावून बघतो. त्यात कुणी एकदा जरी लाड केले, की तो दुप्पट चिकाटीने उडणार. म्हणून घरात शब्दही एकच ठरला, ‘बस’. दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटं सराव. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे, आणि तेवढं जेवण कमी.

शेजारी प्रेमाने तासगावचे बेदाणे भरवत होते. ते ताबडतोब थांबवलं. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चुकून खाल्लेच, तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे न्यायचं.

दीड महिन्याने बेल वाजली की तो सतरंजीवर जाऊन बसतो, शेपूट मात्र थांबत नाही. मांजर दिसलं की अजून हिसका देतो, त्यामुळे सकाळी दोरी सध्या मुलाच्याच हातात असते.